केबल सडली म्हणून मनोरा उतरवायचा नसतो

वाशिम जिल्ह्यातल्या पोहरादेवीला सामुदायिक रेडिओ केंद्र असावे, असे कोणी म्हटले की पहिला विरोध कार्यक्रमांना होत नाही, भाषेला होत नाही, पैशांनाही फारसा होत नाही. विरोध होतो तो अँटेनाला. ‘केंद्र काढाल हो, पण दोन पावसाळ्यांत वरची केबल सडली की पुढे काय? मानोरा तालुक्यात केबलांचा तो हार्नेस बनवणार कोण? मुंबईहून माणूस बोलवाल, तो म्हणेल अँटेनाच बदला. तेवढे पैसे जमले नाहीत की केंद्राला कुलूप.’ असे बोलणारे केंद्राचे शत्रू नसतात. बहुतेक जण हितचिंतकच असतात. शत्रूचे बोलणे लोक तपासून घेतात, हितचिंतकाचे तसेच गिळतात. म्हणून या हितचिंतकांना उत्तर देणे जास्त गरजेचे आहे.

त्यांच्या म्हणण्यात तीन समजुती एकमेकींत गुंतल्या आहेत. पहिली, हार्नेस ही कारखान्यातच होणारी वस्तू आहे आणि हाताने बनवला तर तो जुगाड. दुसरी, हे ज्ञान आपल्याकडचे नाही. तिसरी, मोबाइल आल्यावर एवढा खटाटोप करायचाच कशाला. तिन्ही चुकीच्या आहेत आणि पहिली सगळ्यांत महागात पडते.

आधी वस्तू समजून घेऊ, कारण या वादातले निम्मे गैरसमज वस्तू न पाहता बोलण्यातून आले आहेत. सामुदायिक रेडिओच्या मनोऱ्यावर एकावर एक असे दोन किंवा चार डायपोल, म्हणजे अँटेनाचे घटक, बसवता येतात. एकटा डायपोल बरीचशी ताकद वर आकाशात आणि खाली जमिनीत वाया घालवतो. दोन डायपोल एका तालात चालले की वर-खाली जाणारी ताकद आवळली जाते आणि क्षितिजाकडे, म्हणजे श्रोत्यांच्या घरांकडे, जास्त पोचते. भारत सरकारच्या २००६ च्या धोरणाने अशा केंद्रांना १०० वॅट परिणामी शक्तीची आणि ३० मीटर उंचीच्या अँटेनाची मर्यादा घातली. इतक्या थोड्या शक्तीत तांडे, वाड्या आणि शिवारे गाठायची तर एकही वॅट वाया घालवून चालत नाही. ट्रान्समीटरकडून येणारी मुख्य केबल वर पोचली की तिथून शक्ती सारखी वाटून प्रत्येक डायपोलपर्यंत एकाच वेळी नेणारा केबलांचा जो फाटा असतो, तो फेजिंग हार्नेस. बंजारांची लेंगी गाणी रंगात आली असताना एक डफ मात्राभर मागे पडला तर दोन डफांचा आवाज दुप्पट होत नाही, उलट ताल विस्कटतो. लहरींचेही तसेच होते: ताल चुकला की त्या एकमेकींना खातात.

अँटेनाच्या अॅल्युमिनियमच्या नळ्या, आडवा दांडा, पकडी हे सगळे वर्षानुवर्षे ऊनपाऊस सोसते. आधी मरतो तो हार्नेस. जोडाच्या फटीतून पाणी शिरते, जाळीच्या तारांमधून ते वात तेल ओढते तसे आत सरकते, तांबे काळे-हिरवे पडते. पॉलिथिनचा डायइलेक्ट्रिक स्थिरांक २.२५ च्या आसपास, पाण्याचा ८० च्या आसपास; त्यामुळे थोडी ओलही केबलमधल्या लहरीचा वेग बिघडवते आणि शक्ती उष्णतेत घालवते. म्हणजे मेलेली असते काही मीटर केबल आणि दोन-चार जोड. आणि सल्ला मिळतो अख्खी अँटेना बदलण्याचा. आजार रेड्याला, औषध पखालीला.

आता हाताने बनवलेल्या हार्नेसवरचा आक्षेप. त्यात गृहीत असे धरले आहे की हे काम इतके काटेकोर आहे की यंत्राशिवाय जमायचे नाही. ते किती काटेकोर आहे ते मोजूनच पाहू.

सामुदायिक केंद्रांना अनेकदा मिळणारी ९०.४ मेगाहर्ट्झ ही फ्रिक्वेन्सी घेऊ. हवेत तिची तरंगलांबी ३.३२ मीटर. केबलमध्ये लहर हळू चालते. भरीव पॉलिथिनच्या केबलमध्ये तिचा वेग प्रकाशाच्या सुमारे ६६ टक्के असतो. म्हणजे केबलमधली पाव तरंगलांबी भरते ५४.७ सेंटिमीटर. दोन्ही डायपोल ५० ओहमचे आहेत असे धरू. ते तसेच एकत्र जोडले तर २५ ओहम होतील आणि ५० ओहमच्या मुख्य केबलशी त्यांचे जमणार नाही. म्हणून प्रत्येक डायपोलकडे ७५ ओहमच्या केबलचा एक हात न्यायचा. त्याची लांबी पाव तरंगलांबीच्या विषम पटीत हवी. असा हात ५० ओहमचे रूपांतर ७५ चा वर्ग भागिले ५० इतक्यात, म्हणजे ११२.५ ओहममध्ये करतो. असे दोन हात एकत्र आले की ५६.२५ ओहम. ५० च्या केबलवर ५६ चा भार टाकला तर परत येणारी शक्ती अर्ध्या टक्क्याहूनही कमी. चार डायपोल असतील तर आणखी मजा आहे. ५६.२५ च्या दोन जोड्या पुन्हा तसल्याच ७५ ओहमच्या हातांनी जोडल्या की प्रत्येकीचे १०० होतात आणि दोन्ही मिळून बरोबर ५०. बाजारात सहज मिळणारी ७५ ओहमची केबल, एक गुणाकार आणि एक भागाकार, एवढ्यात गणित संपले. हे दहावीच्या वर्गात फळ्यावर सोडवता येते.

दोन डायपोलांमध्ये साधारण एक तरंगलांबीचे, म्हणजे सव्वातीन मीटरचे अंतर असेल तर मधल्या जोडापासून प्रत्येकाकडे जाणारा हात पावणेदोन मीटरहून लांब लागतो. तीन पाव घेतले तर १६४ सेंटिमीटर, अपुरे. मग पाच पाव घ्यायचे: २७३.५ सेंटिमीटर. हार्नेस बनवणारा नेमका हाच निर्णय घेतो. यात गूढ असे काही नाही.

आणि चूक झाली तर? या केबलमध्ये एक सेंटिमीटरची चूक म्हणजे फेजमध्ये, म्हणजे लहरीच्या तालात, सुमारे १.६ अंशांचा फरक. दोन डायपोलांच्या बेरजेत त्याने होणारे नुकसान टक्क्याच्या शंभराव्या भागात मोजावे लागेल. शिंप्याच्या मेजपट्टीने कापले तरी याहून चांगले कापले जाते. कारखान्याचे यंत्र मिलिमीटरच्या दहाव्या भागापर्यंत अचूक असेल, पण ९०.४ मेगाहर्ट्झच्या लहरीला त्याचे सोयरसुतक नाही.

मग हाताने केलेले हार्नेस फसतात ते का? फसतात हे खरे आहे आणि ते नाकारण्यात अर्थ नाही. पण लांबी मिलिमीटरने चुकली म्हणून एकही फसत नाही. ते फसतात कारण बनवणाऱ्याने मोजलेच नाही. दुसऱ्या बाजूची खोड इथे काढावी लागते, कारण गावच्या हुन्नराचे कौतुक करता करता आपण जुगाडाची आरती ओवाळू लागलो आहोत. जुगाड म्हणजे नियम न जाणता केलेली जुळवाजुळव. हार्नेसला ती मुळीच चालत नाही.

नेहमीचा प्रसंग असा. हार्नेसचा एक हात खराब झाला. दुकानात भरीव पॉलिथिनची केबल नाही, डिश टीव्हीची केबल आहे. तीही ७५ ओहमचीच, असे म्हणून तेवढ्याच लांबीचा तुकडा लावला. पण डिशच्या केबलमध्ये फोम असतो आणि त्यात लहर प्रकाशाच्या ८२ टक्क्यांच्या आसपास वेगाने धावते. पाच पावांचा जुना हात लहरीला ४५० अंश चालवत होता, नवा फक्त ३६२. फरक ८८ अंशांचा. शिवाय ३६२ अंश म्हणजे जवळपास पूर्ण तरंगलांबी, त्यामुळे हा हात रूपांतर करतच नाही. त्या डायपोलकडे दुप्पटीहून जास्त शक्ती जाते. एकूण परिणाम असा की क्षितिजाकडे जाणारी शक्ती जवळपास निम्मी होते आणि मुख्य झोत सुमारे १४ अंशांनी कलतो. वर कलला तर पाखरांना कार्यक्रम ऐकू येतील. खाली कलला तर ३० मीटरच्या मनोऱ्यावरून तो सव्वाशे मीटरच्या आत जमिनीत जातो. आणि परत येणाऱ्या शक्तीचा अंदाज देणारा एसडब्ल्यूआर मीटर काय दाखवतो? साधारण १.४. त्याकडे बघून ‘चालेल’ म्हणणारे पुष्कळ आहेत.

याहून वाईट चूक मीटरला दिसतही नाही. एका डायपोलला मधली तार वरच्या बाजूला आणि दुसऱ्याला खालच्या बाजूला जोडली की दोन्ही बरोबर १८० अंशांनी विरुद्ध चालतात. क्षितिजाकडे बेरीज शून्य. मीटर खुशाल, ट्रान्समीटर खुशाल, आणि चार किलोमीटरवर आवाज नाही. मग दोष ट्रान्समीटरवर, डोंगरावर, शेवटी नशिबावर.

डिशच्या केबलची आणखी एक गंमत: तिची जाळी बहुधा अॅल्युमिनियमची असते आणि साध्या कथिलाने तिला डाग (सोल्डर) लागत नाही. कथिलाचा गोळा वर बसलेला दिसतो, आत जोड नसतो. उलट भरीव केबलची तांब्याची जाळी डाग छान घेते, पण पॉलिथिन ११० अंशांच्या आसपास वितळते आणि कथिल-शिशाचा डाग १८३ अंशांना. म्हणून तापलेले सोल्डरिंग आयर्न क्षणभर लावून काढायचे असते. रेंगाळलात तर मधली तार सरकून जाळीला टेकते. हे हाताचे कसब आहे आणि हाताचे कसब शिकवता येते. आपल्याकडे मोबाइलच्या सर्किट बोर्डावरचे तांदळाएवढे भाग बदलणारी मुले प्रत्येक बाजारपेठेत बसली आहेत. त्यांना केबलचा डाग जमणार नाही, हे कोणाला पटेल?

केबल कोणती ते ओळखणेही आता अंदाजाचे राहिलेले नाही. काही हजार रुपयांत मिळणारा नॅनो व्हीएनए हा हातात मावणारा मापक घ्या. रिळातून बरोबर एक मीटरचा तुकडा कापा, दुसरे टोक मोकळे ठेवा. तुकडा ४९.५ मेगाहर्ट्झच्या आसपास शॉर्टसारखा दिसला तर केबल भरीव. ६१ च्या पुढे दिसला तर फोमची. एका मिनिटात निकाल. मग हवी ती लांबी त्या रिळाच्या स्वतःच्या वेगाने काढायची, तुकडा थोडा लांब कापायचा आणि मापकावर बघत बघत छाटायचा. सगळे हात एकाच रिळातले. जोड पाणी न घेणारे एन प्रकारचे, त्यावर स्वतःशीच एकजीव होणारी रबरी टेप, वर उन्हाला टिकणारी काळी टेप, आणि जोडाच्या खाली केबलला एक झोळ, म्हणजे पाणी ओघळून जोडात न जाता खाली टपकते. वाशिमचा मे महिना साध्या पांढऱ्या आवरणाच्या केबलला भाजून काढतो. काळे पॉलिथिनचे आवरण टिकते. ही यादी जुगाडाची नव्हे, शिस्तीची आहे. कारखाना वेगळे काही करत नाही. तो हेच करतो, फक्त दरवेळी न चुकता करतो. आक्षेप घ्यायचा तर गावाला शिस्त जमणार नाही, असा सरळ घ्या. मग त्यावर बोलता येईल.

कारखान्याच्या बाजूचे खरे मुद्देही मांडले पाहिजेत. राळेत ओतून बंद केलेला कारखानी हार्नेस पाण्याला हाताच्या जोडापेक्षा चांगला तोंड देतो. कित्येक किलोवॅटच्या प्रसारणाला लागणारे जाड नळीचे पॉवर डिव्हायडर घरी करायचे नसतात. तिथे चूक म्हणजे आग. ३० मीटरवर चढणे हेही हौशी काम नाही, त्याला शिकलेला माणूस आणि सुरक्षेचा पट्टा हवाच. आणि केबल कापायला परवाना लागत नसला तरी प्रसारण करायला लागतो, हे विसरून चालणार नाही. हे सगळे मान्य. पण आपण ५० वॅटच्या ट्रान्समीटरबद्दल बोलतो आहोत. त्या शक्तीला आरजी-११ ही चांगली ७५ ओहमची केबल हसत पेलते. राळेत बंद असलेल्या हार्नेसची दुसरी बाजूही बघा: त्यात दोष निघाला तर तो उघडता येत नाही, आत केबल कोणती आणि किती ते कळत नाही, आणि त्या कंपनीने ते मॉडेल बंद केले असेल तर बदली भाग मिळत नाही. मग पुन्हा तोच सल्ला: अँटेना बदला. हमीच्या कागदाने पहिली एक-दोन वर्षे जातात. केंद्र चालवायचे असते त्याच्या पुढेही.

आता दुसरी समजूत: हे ज्ञान आपले नाही. ज्या महाराष्ट्रात कल्याणला आणि खोडदला रेडिओ दुर्बिणी उभ्या राहिल्या तिथे बसून हे वाक्य बोलायला मोठे धैर्य लागते.

रेडिओ खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप यांचे नाव दुर्बिणींसाठी घेतले जाते, पण त्यांच्या कामाच्या मुळाशी अगदी हाच प्रश्न होता: अनेक अँटेनांकडून येणाऱ्या केबलांची विद्युत लांबी सारखी कशी ठेवायची? अमेरिकेत स्टॅनफर्डला असताना १९६१ मध्ये त्यांनी आणि त्यांचे सहलेखक यांग यांनी त्यावर एक युक्ती प्रसिद्ध केली. अँटेनाच्या टोकाला परावर्तन चालू-बंद करणारा भाग बसवायचा आणि गेलेली लहर परत आल्यावर तिची फेज खोलीत बसूनच मोजायची. प्रत्येक अँटेनापर्यंत उपकरणे वाहून नेण्याची गरज संपली. ही जाऊन-येऊन मोजण्याची पद्धत पुढे जगभरच्या रेडिओ दुर्बिणींनी घेतली. मनोऱ्यावरच्या हार्नेसचा हात खालून मापकाने तपासताना त्याच विचाराची छोटी आवृत्ती आपण वापरत असतो.

१९६३ मध्ये ते मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आले. त्यांची भारतातली पहिली दुर्बीण १९६५ मध्ये कल्याणजवळ उभी राहिली. त्यासाठी नव्या थाळ्या मागवल्या नव्हत्या. ऑस्ट्रेलियात पॉट्स हिल येथे वापरून झालेल्या ३२ थाळ्या, प्रत्येकी जेमतेम १.८ मीटर व्यासाच्या, भारताला मिळाल्या होत्या. त्यांतल्या २४ पूर्व-पश्चिम ओळीत आणि ८ उत्तर-दक्षिण ओळीत लावून ६१० मेगाहर्ट्झवर सूर्याचा अभ्यास झाला. दुसऱ्यांनी बाजूला काढलेला सांगाडा आणि त्यात आपण जुळवलेल्या केबला: टाटा संस्थेतल्या रेडिओ खगोलशास्त्राची सुरुवात अशी आहे. ‘जुने आहे, फेकून द्या’ म्हणणारे तेव्हा निर्णयाच्या जागी असते तर ती सुरुवात झालीच नसती.

त्यानंतर उटीची रेडिओ दुर्बीण. १९७० मध्ये पूर्ण झालेली ही दुर्बीण ५३० मीटर लांब आणि ३० मीटर रुंद आहे. डोंगराचा सुमारे ११ अंशांचा उतार तिथल्या अक्षांशाशी जुळतो, म्हणून ती त्या उतारावरच बांधली. तिच्या नाभिरेषेवर ओळीने बसवलेले डायपोल आहेत १०५६. पूर्व-पश्चिम दिशेला ती यंत्राने फिरते. उत्तर-दक्षिण दिशेला काहीच हलत नाही, फक्त डायपोलांमधली फेज बदलून झोत वळवतात. म्हणजे ही दुर्बीण मुळात एक अवाढव्य फेजिंग हार्नेस आहे. ३२६.५ मेगाहर्ट्झवर एक सेंटिमीटर भरीव केबल म्हणजे जवळपास सहा अंश, आपल्या ९०.४ च्या साडेतीन पटींहून जास्त कडक हिशेब, आणि तोही हजारावर डायपोलांचा.

या दुर्बिणीचे पुढे काय झाले, हे अँटेना बदला म्हणणाऱ्यांनी मुद्दाम वाचावे. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला तिची जुनी फेज-व्यवस्था काढून नवी बसवली. प्रत्येक डायपोलमागे कमी गोंगाटाचा अँप्लिफायर आणि चार बिटांचा फेज शिफ्टर आला. परावर्तक तोच, उतार तोच, सांगाडा तोच. चार बिट म्हणजे १६ पायऱ्या, एकेक पायरी २२.५ अंशांची. हजार डायपोलांत पायऱ्यांच्या चुका एकमेकींत विरतात, दोन डायपोलांत विरत नाहीत, हे खरे. तरीही जागतिक दर्जाची दुर्बीण २२.५ अंशांच्या पायऱ्यांनी आकाश बघत असताना गावच्या मनोऱ्यावरच्या दीड अंशाच्या चुकीला घाबरून केंद्रच नको म्हणणे, याला सावधपणा म्हणत नाहीत.

तिसरे उदाहरण तर पुणे जिल्ह्यातच आहे. नारायणगावजवळ खोडदला केंद्र असलेल्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० थाळ्या. गेल्या दशकात तिचा कायापालट झाला: जुने अरुंद पट्ट्याचे फीड बदलून रुंद पट्ट्याचे आले, मागची इलेक्ट्रॉनिक यंत्रणा बदलली. थाळ्या मात्र त्याच राहिल्या. २०२० मध्ये या दुर्बिणीला आयट्रिपलई या अभियंत्यांच्या संस्थेने मैलाचा दगड म्हणून गौरवले. जिथे पैसा आणि ज्ञान दोन्ही आहे, तिथे लोक सांगाडा ठेवतात आणि खराब झालेला किंवा कालबाह्य झालेला भाग बदलतात. सगळेच बदलण्याचा खर्चिक सल्ला मिळतो तो नेमका जिथे दोन्ही कमी आहे तिथे.

यावर उत्तर येईल की ती शास्त्रज्ञांची कामे, मानोरा तालुक्यातल्या पोराला ती कशी जमतील? दोन वेगळ्या गोष्टींची ही गल्लत आहे. १०५६ डायपोलांची दुर्बीण आखायला आयुष्य घालवलेला शास्त्रज्ञ लागतो. २७३.५ सेंटिमीटर केबल कापायला, तिची जाळी नीट सोलायला आणि दोन्ही डायपोलांना मधली तार एकाच बाजूला जोडायला आयटीआयचा इलेक्ट्रॉनिक्सचा विद्यार्थी पुरतो. मोठ्या कामाचा धाक दाखवून छोटे काम अडवणे ही आपल्याकडची जुनी रीत आहे. तिचा फायदा झाला तर तो नवी अँटेना विकणाऱ्याला होतो.

तिसरी समजूत लवकर संपवू, कारण तिच्यात दम कमी आहे. मोबाइल आहे, मग रेडिओ कशाला? रामनवमीच्या यात्रेला पोहरादेवीत लाखोंची गर्दी लोटते. मोबाइलच्या मनोऱ्याची क्षमता ठरलेली असते. एकाच वेळी किती जण बोलणार याला सीमा आहे. रेडिओच्या श्रोत्यांना सीमा नाही. हजार जणांनी ऐकले काय आणि लाखाने ऐकले काय, ट्रान्समीटरला फरक पडत नाही. हरवलेल्या मुलाची घोषणा, पाण्याच्या टँकरची जागा, बंद केलेला रस्ता हे सगळे एका वेळी सगळ्यांना सांगायचे साधन ते हेच. संकटाचा दाखला हवा असेल तर २००४ चा घ्या. डिसेंबरमध्ये त्सुनामी आली तेव्हा भारती प्रसाद यांचे हॅम, म्हणजे हौशी रेडिओचे, पथक योगायोगाने पोर्ट ब्लेअरला होते. बाकीचा संपर्क तुटलेला असताना त्यांच्या संचांवरून अंदमानचे निरोप मुख्य भूमीपर्यंत गेले. त्यांच्याजवळ होती ती स्वतः उभारता आणि दुरुस्त करता येणारी साधने.

आणि भाषेचे काय? संत सेवालाल महाराजांची समाधी असलेले पोहरादेवी हे बंजारा समाजाचे श्रद्धास्थान. तिथे ५ ऑक्टोबर २०२४ रोजी बंजारा विरासत संग्रहालयाचे उद्घाटन पंतप्रधानांच्या हस्ते झाले. नगाऱ्याच्या आकाराची ती वास्तू देखणी आहे. पण संग्रहालयात वस्तू राहतात, बोली राहत नाही. बंजारांची गोरबोली टिकायची तर ती रोज कुणीतरी कुणाला तरी ऐकवावी लागेल. म्हसवडची माणदेशी तरंग वाहिनी आणि बारामतीची वसुंधरा वाहिनी आपापल्या भागातल्या लोकांशी त्यांच्याच बोलण्यात बोलतात. इथे ते गोरबोलीत आणि वऱ्हाडीत होऊ शकते. ज्या गावाला एवढ्या मोठ्या वास्तूची देखभाल जमेल असे सरकारने धरले आहे, त्या गावाला पाच-सहा मीटर केबलची देखभाल जमणार नाही, हे कोणत्या हिशेबाने म्हणायचे?

वाशिमचे नाव २०१८ पासून आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत आहे. अशा जिल्ह्यांत उपकरणे येतात, उद्घाटने होतात, आणि अनेकदा पहिल्या बिघाडाला उपकरणे बंद पडतात. दर वेळी कारण तेच दिले जाते, दुरुस्त करणारा माणूस नाही. माणूस नाही हे खरे, पण तो आपोआप उगवणार नव्हता. यंत्र विकत घेताना त्याचे आतले ज्ञान आपण विकत घेत नाही, मागतही नाही. अँटेना बसवणारा ठेकेदार हार्नेसवर काळी टेप गुंडाळून जातो आणि आत काय आहे हे त्याच्यासोबत निघून जाते. मग टेपच्या आतल्या चार तुकड्यांना आपण परकीय विज्ञान समजून घाबरतो.

तेव्हा सामुदायिक रेडिओचा प्रस्ताव पोहरादेवीचा असो की दुसऱ्या कोणत्या गावाचा, त्याच्या खरेदीच्या अटींत चार गोष्टी घाला. हार्नेसचा आराखडा, प्रत्येक हाताची लांबी आणि केबलचा प्रकार व वेग लिहून केंद्राच्या ताब्यात द्यावा. बसवल्या दिवशीचे प्रत्येक हाताचे आणि पूर्ण अँटेनाचे मोजमाप द्यावे, म्हणजे पुढच्या वर्षी तुलना करता येईल. त्याच रिळातली दुसऱ्या संचापुरती केबल आणि जोड आताच द्यावेत. आणि सर्वांत महत्त्वाचे, जवळच्या आयटीआयच्या दोन विद्यार्थ्यांकडून एक पूर्ण हार्नेस बनवून घ्यावा, तो मापकावर तपासावा, आणि तोच मनोऱ्यावर चढवावा. ठेकेदाराचा हार्नेस राखीव म्हणून कपाटात राहू द्यावा. या अटींनी निविदेची रक्कम फारशी वाढत नाही. एवढे लिहून द्यायला जो ठेकेदार कुरकुरेल, त्याला काम देऊ नका.

हितचिंतकांचा प्रश्न होता, हार्नेस कोण बनवणार? त्याचे उत्तर केंद्र सुरू होण्याच्या दिवशीच तयार असू शकते, कारण बनवणाऱ्याने तो आधीच बनवलेला असेल. ते तयार नसेल तर दोष गावाच्या कुवतीचा नाही, अटी लिहिणाऱ्याचा आहे, आणि जाबही त्यालाच विचारावा.